राक्षसाची बाजू कोणी विचारली?



मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईची पोरे गावाकडे येतात. पूर्वी ती आली की करवंदे आणि काजूंच्या मागे रानात पळत. आता गाडीतून उतरतानाच त्यांच्या हातात विजेवरचा खेळ असतो. मग घराघरांतून एकच ओरड ऐकू येते, "पोरगा दिवसभर त्या डबड्यात डोके घालून बसतो!" ओरड खोटी नाही. पण डोके घालून बसलेल्या पोराच्या डोक्यात काय चालले आहे, हे आपण कधी विचारतो का? यंदा नांदगावच्या आमच्या घरात ते विचारले गेले. त्यावरून दोन दिवस वाद झाला. तो वाद आपल्या प्रत्येक घरात व्हावा असा होता, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

खेळ आणि त्यातला राक्षस

माझ्या पुतण्याने जुन्या कॉम्प्युटरवर आणलेला हा खेळ परदेशी नाही, आपल्या पुण्यात तयार झालेला आहे. नाव 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने तो २०२० साली बाजारात आणला. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आले.

गोष्ट थोडक्यात अशी. राजी ही अनाथ पोर, कसरतीचे खेळ करून पोट भरणारी. तिचा धाकटा भाऊ गोलू. एके दिवशी राक्षसांची धाड पडते आणि गोलूला पळवून नेले जाते. देवी दुर्गा राजीच्या हाती शस्त्र देते आणि ही एवढीशी पोर भावाच्या शोधात निघते. खेळणाऱ्याने बटणे दाबून तिला उड्या मारायला लावायचे, भिंतीवर चढवायचे, राक्षसांशी लढवायचे. गरीब घरची मुलगी नायिका झाली, ही गोष्ट चांगलीच आहे, ते आधी सांगून टाकतो.

मधले काही प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारख्या चित्रांतून दाखवले आहेत. ते पाहून घरातल्या मोठ्या माणसांना पिंगुळीची आठवण झाली. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे धरून पडद्यावर अशाच कथा सांगत आले. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे खेळ नवा असला तरी सांगण्याची तऱ्हा आपल्या सिंधुदुर्गाला नवी नाही.

आता मुद्द्यावर येतो. या खेळाच्या शेवटाला उभा आहे राक्षसांचा राजा महाबलासुर. सगळी धाड त्याची, सगळे युद्ध त्याचे. पण हा कोण, कोणाचा, माणसांवर एवढा का चिडला, त्याचे काय हिरावले गेले, याबद्दल खेळात फारसे काही सापडत नाही. वाटेतल्या भिंतींवरची चित्रे देवांच्या कथा सांगतात. राक्षसाच्या वाट्याला तशी भिंत येत नाही. शेवटी तो समोर येतो, लढाई होते आणि खेळ इतक्या अचानक संपतो की पुष्कळ खेळणाऱ्यांनी आणि परीक्षकांनी त्याबद्दल तक्रार केली.

जिथे लिहिणाऱ्याने जागा रिकामी सोडली, तिथे बघणारा आपले काहीतरी भरतोच. आमच्या घरात तेच झाले.

दोघांची दोन मते

पुतण्या अकरावीला. तो म्हणाला, "काका, हा महाबलासुर म्हणजे आपला महाबली, बळीराजा. त्याला मुद्दाम वाईट दाखवलंय. बघा ना, सबंध गोष्ट सांगतात कोण? दुर्गा आणि विष्णू! ते कशाला त्याची बाजू सांगतील?"

पोराने नेमकी शीर पकडली होती. खेळात घडणाऱ्या गोष्टीवर बोलत राहतात ते देवच. ज्याच्याशी वैर, त्याचे चरित्र वैऱ्याच्या तोंडून ऐकायचे म्हटल्यावर दुसरे काय ऐकायला मिळणार?

पण माझी भाची नववीला, कणकवलीच्या शाळेत जाणारी. ती गप्प बसणारी नाही. ती म्हणाली, "असू दे बळीराजा. मग त्याने गोलूला का पळवलं? लहान पोरं पळवणारा आपला कसा रे दादा?"

दादा निरुत्तर झाला. माझे भाऊ, म्हणजे पोराचे वडील, वैतागून म्हणाले, "देवादिकांचा खेळ आहे, बंद करून टाका." तेवढ्यात कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली आमची आई बोलली, "त्या राकसाचा म्हणणा कोणी आयकल्यान? आमच्या संकासुराचा तरी लोक आयकत."

आजीच्या या एका वाक्याने वाद खेळातून उठून आपल्या मातीत आला.

संकासूर लोकांचा कसा झाला

दशावतार आपल्या भागात ठाऊक नाही असा माणूस सापडणार नाही. त्याच्या आरंभीच्या आडदशावतारात गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि मग येतो काळ्या पेहरावातला, काळ्या बुरख्यातून लाल जीभ लोंबवणारा संकासूर. पुराणातला हा शंखासुर. पुराणात त्याचे काम एवढेच की वेद चोरायचे, समुद्रात दडायचे आणि विष्णूच्या हातून मरायचे. वेद का चोरले, ते घेऊन करणार काय होता, याची फिकीर कथेला नाही. महाबलासुराइतकाच हाही अर्धवट लिहिलेला राक्षस.

पण दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. नट उभ्या उभ्या बोलतो. त्या मोकळ्या जागेत कोकणच्या नटांनी आणि प्रेक्षकांनी मिळून संकासुराला नवा जन्म दिला. देव पुस्तकी मराठीत बोलतात, संकासूर मालवणीत. देव गंभीर, तर हा गावातल्या घडामोडींवर कोपरखळ्या मारणार, लोकांना हसवणार. मरायचे त्याला शेवटी असतेच, पण तोवर मांड त्याचा असतो. रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांतही संकासूर आहे आणि शिमग्यात पोरे त्याच्यामागे धावतात. वेद चोरणारा दुष्ट म्हणून आणलेला इसम लोकांचा लाडका होऊन बसला, तो कोणा ग्रंथकाराच्या परवानगीने नव्हे.

आई सांगत होती, तिच्या लहानपणी आपल्या माणसांना खेळ बघायला लांब, अंधारात बसावे लागे. पुढच्या रांगा आपल्या नव्हत्या. "देव काय बोलत, ता आमका आयकाक येय नाय. संकासूर मोठ्यान बोले, आमच्या भाशेत बोले. माका वाटायचा, हो आमच्यातलोच." लांब बसवलेल्या त्या मुलीने रिकाम्या जागेत स्वतःला पाहिले. हाही एक अर्थच आहे आणि तो साधासुधा नाही. ज्यांना अक्षराला शिवू दिले नाही, त्यांना वेद उचलणारा राक्षस आपला वाटला तर नवल ते काय?

जोतीरावांनी घातलेला पाया

आपल्याकडे ही उलट तपासणी पहिल्यांदा लेखणी घेऊन, उघडपणे केली ती महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली. धोंडीबा विचारतो आणि जोतीराव सांगतात, अशी सवाल-जबाबांची रचना. मत्स्य, कच्छ, वराह अशा अवतारांच्या एकेका कथेतून त्यांनी बाहेरून आलेल्यांनी इथल्या लोकांचा पाडाव कसा केला, याचा माग काढण्याचा प्रयत्न केला. आपल्यासाठी विशेष म्हणजे त्यांनी शंखासुरालाही सोडले नाही. त्यांच्या मांडणीत तो पश्चिम किनाऱ्यावरचा सत्ताधारी, आणि मत्स्य म्हणजे लहान मचव्यांतून समुद्रमार्गे येऊन त्याला मारणाऱ्या टोळीचा पुढारी. बळी हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा. त्याच्या राज्यातला महासुभा तोच आपला म्हसोबा, नऊ खंडांचा न्यायी तोच खंडोबा, असे त्यांनी उलगडून दाखवले.

लोकांच्या मनात बळी होताच. दिवाळीत ओवाळताना बळीचे राज्य येवो असे आयाबहिणी म्हणत आल्या. तिकडे केरळात ओणमच्या सणाला पाताळात गेलेला महाबली आपल्या प्रजेला भेटायला येतो, असे मानून दारात फुलांची रांगोळी घालतात. ज्याला पुराणाने पाताळात दडपले, त्याची वाट लोक दरवर्षी बघतात. आमच्या पुतण्याने महाबलासुराला महाबली म्हटले, ते या परंपरेतूनच.

चिकित्सेचा हा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही. बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ साली महाराष्ट्र शासनाने छापले, तेव्हा राम-कृष्णावरील भागावरून गदारोळ झाला. तो भाग काढून टाका, अशी मागणी झाली. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत आपल्या समाजाचा प्रचंड मोर्चा निघाला. आज पन्नाशी-साठी ओलांडलेले कितीतरी वाचक त्यात चालले असतील. कथा उलटून वाचायला आपल्याला मज्जाव नको, एवढ्यासाठी ती माणसे रस्त्यावर उतरली होती.

पण अर्थ निराळा, पुरावा निराळा

इथे तरुण वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध केला. तो अर्पण केला महात्मा फुल्यांना, ज्यांना ते आपल्या तीन गुरूंपैकी एक मानत. पण त्याच ग्रंथात, आर्य नावाच्या वंशाने बाहेरून येऊन इथल्यांना जिंकले, हा सिद्धांत त्यांनी पुराव्यानिशी नाकारला. गुरूच्या चरणी ग्रंथ ठेवला आणि गुरूने ज्या समजुतीवर मांडणी उभारली, ती समजूत तपासून बाजूलाही सारली! गुरूचा प्रश्न त्यांनी उचलला, गुरूचे प्रत्येक उत्तर उचलले नाही. याला म्हणतात शिष्य.

आमच्या पुतण्याला मी हेच सांगितले. महाबलासुर आणि महाबली यांच्या नावात साम्य आहे, ते खरे. पण महाबल म्हणजे मोठ्या बळाचा. असे नाव कोणालाही देता येते. खेळ करणाऱ्यांच्या मनात बळीराजाच होता, असे नुसत्या नावावरून ठरत नाही. "मला असा अर्थ दिसतो" म्हणायला तू मोकळा आहेस. "हेच खरे आहे" म्हणायचे असेल, तर पुरावा आण.

मग दोघांना एक वही दिली. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डाव्या बाजूला 'खेळात आहे', उजव्या बाजूला 'मला वाटते'. डावीकडे पुतण्याच्या सात-आठ ओळी झाल्या, उजवीकडे दीड पान भरले. ते बघून तो स्वतःच हसला. भाचीने डावीकडे पहिली ओळ लिहिली होती : "गोलूला नेले."

अंगुलीमालाचे उदाहरण

भाचीच्या त्या ओळीचे उत्तर द्यायलाच हवे. राक्षसाची बाजू ऐकायची म्हणजे त्याचे केलेले पुसून टाकायचे का?

याचे उत्तर आपल्याच धम्मसाहित्यात आहे. अंगुलीमाल सर्वांना माहीत आहे, बोटांची माळ घालणारा. मज्झिम निकायातल्या अंगुलीमाल सुत्तात तो माणसे मारणारा दरोडेखोर म्हणूनच समोर येतो. तो असा का झाला, हे मूळ सुत्त सांगत नाही. तो मूळचा अहिंसक नावाचा हुशार विद्यार्थी, तक्षशिलेला शिकायला गेला, सहाध्यायांनी कान भरले, गुरूने हजार बोटांची दक्षिणा मागितली, ही कथा नंतरच्या अट्ठकथांमध्ये येते. म्हणजे त्या काळच्या ऐकणाऱ्यांनाही आमच्या पुतण्यासारखाच प्रश्न पडला असणार : माणूस उगाच असा होत नाही, मग हा का झाला? टीकाकारांनी ती रिकामी जागा भरली. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अंगुलीमालाच्या दीक्षेला स्थान दिले आहे.

पण सुत्ताचा पुढचा भाग विसरू नका. अंगुलीमाल भिक्खू झाला, बदलला. तरी भिक्षेला गेला की त्याच्यावर ढेकळे आणि दगड येत. डोके फुटे, पात्र फुटे, चीवर फाटे. तथागतांनी त्याला, तुझी काही चूक नव्हती, असे सांगितले नाही. हे तुझ्याच कृत्यांचे फळ आहे, ते सहन कर, असे सांगितले. त्याला बदलण्याची संधी मिळाली. पण ज्यांची माणसे गेली, त्यांचे दुःख त्यामुळे खोटे ठरले नाही.

म्हणून दादाचे म्हणणे आणि बहिणीचे म्हणणे, दोन्ही ठेवायचे. महाबलासुराची बाजू कोणी सांगितली नाही, हे खरे. आणि गोलूला पळवले, हेही खरे. आपल्या माणसाने केले म्हणून अन्याय गोड होत नाही. ही शिस्त आपण सोडली, तर आपल्यात आणि एकतर्फी पुराण लिहिणाऱ्यांत फरक काय उरला?

बाजू उलटली तर

या खेळांच्या जगातही बाजू उलटण्याचे उदाहरण आहे. ज्यांच्या घरी नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना टोपीवाला मिशाळ मारिओ आठवेल. १९८१ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'डाँकी काँग' नावाचा खेळ काढला. त्यात एक मोठा वानर बाईला पळवतो आणि पुढे मारिओ म्हणून प्रसिद्ध झालेला गडी तिला सोडवायला जातो. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, त्याच कंपनीने दुसरा खेळ काढला. त्यात तो वानर पिंजऱ्यात आहे, त्याला कोंडणारा मारिओ आहे आणि बापाला सोडवायला निघाले आहे वानराचे पोर! सोडवणुकीची गोष्ट तीच. फक्त कोणाच्या खांद्यावरून बघायचे, ते बदलले. एका वर्षापूर्वीचा नायक खलनायक झाला.

हे पोरांना सांगा. त्यांना पटकन कळते. आपल्याला वर्षानुवर्षे व्याख्याने देऊन जे सांगावे लागते, ते त्यांना त्या दोन खेळांत दिसते.

पालकांनी काय करावे

खेळाला वेळेची मर्यादा असावी. तासाभराने डबा बंद, यात तडजोड नको. पण खेळ संपला की पोराशेजारी दहा मिनिटे बसा आणि तीन प्रश्न विचारा. ही गोष्ट सांगतो कोण? ज्याला वाईट म्हटले, त्याला बोलायला किती वाव मिळाला? आणि त्याने ज्यांचे नुकसान केले, ती माणसे कोण?

तुम्हाला खेळ येत नसेल तरी चालेल. आमच्या आईला तरी कुठे येतो? मालिका, सिनेमा, शाळेच्या पुस्तकातला धडा, सगळ्याला हेच तीन प्रश्न लागू पडतात. आणि एक मोठी वही आणून द्या. त्यात राक्षसाचे मनोगत लिहायला सांगा, पण मधली रेघ मारूनच. एका बाजूला दिलेले, दुसऱ्या बाजूला आपले. ही रेघ मारायला शिकलेले पोर उद्या वर्तमानपत्र वाचेल, निवडणुकीतले भाषण ऐकेल, तेव्हा सहजासहजी फसणार नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या वाडवडिलांची गोष्ट फार काळ दुसऱ्यांनी सांगितली. त्यात ते अपवित्र होते, लांब बसवायचे होते, त्यांचे बोलणे कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून जिथे जिथे एखाद्याला एका शब्दात वाईट ठरवून पुढे जातात, तिथे थांबून "याचे म्हणणे काय?" असे विचारणे, ही आपली सवय असली पाहिजे. तो परका असला तरी, आणि आपला असला तरी. उद्या शेजारच्या पोरावर चोरीचा आळ आला, वाडीतल्या एखाद्या सुनेला नावे ठेवली गेली, तर हाच प्रश्न विचारायचा आहे. खेळातल्या राक्षसावर सराव झाला, तर माणसांच्या वेळी तो प्रश्न तोंडातून लवकर निघेल.

जय भीम!